वाळवंटातील वाटाड्या आणि मागचा माणूस



वैशाखातली संध्याकाळ, आत्ताशी कोठे जरा वारा सुटू लागलेला, आणि अशा वेळी आपल्यापुढे वाळवंटाचे वर्णन करायचे म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षाच आहे. व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘मोटारसायकलवरून सहाराची वाट’ असे सांगून टाकले. ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, “अहो, पण आपल्या श्रोत्यांत निम्मे लोक साठीच्या पुढचे. त्यांना मोटारसायकलचे काय?” आम्ही त्यांना सांगितले की आम्हीही साठीच्या उंबरठ्यावरच उभे आहोत, आणि या विषयात यंत्र थोडे व माणूस फार आहे. तेवढ्या आश्वासनावर त्यांनी आमचे नाव पत्रिकेत घातले.

आणखी एक खुलासा आधीच करून ठेवतो. व्यासपीठावर ‘आम्ही’ म्हणण्याची आमची जुनी खोड आहे. आजच्या हकिगतीत ‘आम्ही’ म्हणजे बहुधा आमची सहाजणांची टोळी. पण जेथे चूक झाल्याचे ऐकाल तेथे ‘आम्ही’ म्हणजे आम्ही एकटेच समजावे. त्या चुकीत बाकीच्या पाचांचा वाटा नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये, दिवाळी नुकतीच आटोपली असताना, आम्ही मोरोक्को देशाच्या आग्नेय कोपऱ्यात मर्झूगा नावाच्या गावी गेलो. गावाच्या अंगणातच वाळूचे डोंगर सुरू होतात. त्या वाळूच्या समुद्राला एर्ग शेब्बी म्हणतात. दक्षिणोत्तर पंचवीसएक किलोमीटर लांब, पाच-सात किलोमीटर रुंद, आणि काही टेकड्या दीडशे मीटरपर्यंत उंच. दर हिवाळ्यात युरोपातून हौशी मंडळी येथे मोटारसायकली फिरवायला येतात. गाडी तेथेच भाड्याने मिळते. पुढे एक वाटाड्या असतो, तोही मोटारसायकलवर. सर्वांच्या मागे एक मेकॅनिक, तोही मोटारसायकलवर. सामान, पेट्रोल आणि पाणी घेऊन एक जीपगाडी दुसऱ्या वाटेने मुक्कामाला पोचते. दिवसभरात शंभर-सव्वाशे किलोमीटर जायचे, रात्री तंबूत किंवा मातीच्या खाणावळीत उतरायचे, असा हा सहा दिवसांचा कार्यक्रम होता. आमच्या टोळीत दोघे निवृत्त, एक डॉक्टर, एक कारखानदार, एक शिक्षक आणि आम्ही. सर्वांत थोरले ते आमचे अण्णा. बँकेतून निवृत्त झालेले, वय बासष्ट, आणि हिशेबाच्या वहीइतके शांत.

निघण्यापूर्वी आमच्या एका स्नेह्याने आम्हाला टोचून विचारले होते, “पैसे मोजायचे, वाटाड्या पुढे घालायचा, मागून पेट्रोलची गाडी आणायची; याला साहस कसे म्हणायचे? ही तर वाळूतली वरातच झाली!” हा आक्षेप टाकाऊ नाही. त्याचे उत्तर आम्हाला निघताना देता आले नाही. परत आल्यावर देता येते की नाही, ते आपण शेवटी ठरवावे.

एकट्याने वाळवंटात गेले की काय होते याचे उदाहरण या छंदाच्या जन्मकथेतच आहे. १९७७ साली थिएरी साबीन नावाचा एक फ्रेंच तरुण आबिजान ते नीस या शर्यतीत यामाहा मोटारसायकल घेऊन उतरला आणि लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला. काही दिवस तो अन्नपाण्यावाचून तेथे पडून होता. शोध करणाऱ्यांच्या विमानाला तो दिसला म्हणून वाचला. माणसाचा स्वभाव पाहा. दुसरा कोणी वाळूचे नाव टाकून समुद्रकाठी राहता. साबीनने उलट तेथे साऱ्या जगाला नेण्याचे ठरवले. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून पहिली पॅरिस–डाकार शर्यत निघाली, आणि मोटारसायकलींत सीरिल नवू नावाच्या फ्रेंच स्वाराने ती जिंकली. साबीन स्वतः १४ जानेवारी १९८६ रोजी मालीमध्ये त्याच शर्यतीच्या वेळी हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला. पुढे मॉरिटानियातल्या हिंसाचारामुळे २००८ ची शर्यत रद्द झाली, २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत गेली आणि २०२० पासून सौदी अरेबियात. नाव मात्र डाकारचेच राहिले. २०१५ साली सी. एस. संतोष या बंगलोरच्या स्वाराने ती पुरी केली. असे करणारा तो पहिला भारतीय. आपल्या पुण्याचाही तिच्याशी एक धागा आहे. २००१ पासून २०१९ पर्यंत ज्या ऑस्ट्रियन कंपनीच्या मोटारसायकलींनी ती दरवेळी जिंकली, त्या केटीएम कंपनीत पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ साली भाग घेतला, आणि तिच्या लहान गाड्या चाकणला तयार होऊ लागल्या. मर्झूगाच्या अंगणात केटीएमची अक्षरे पाहून आमच्यातला कारखानदार हळवा झाला. वाटाड्याला तो चाकण कोठे आहे हे समजावून सांगू लागला. वाटाड्याने सभ्यपणे मान डोलावली.

आम्हाला मिळालेली गाडी साडेचारशे सीसीची, उंच, आणि वजनाला अवघी एकशे दहा किलोच्या आसपास. आपली बुलेट एकशे नव्वदच्या घरात जाते, म्हणजे फरक कळेल. तरीसुद्धा वाळूत आडवी पडलेली एकशे दहा किलोंची गाडी दिवसातून दहाव्यांदा उचलताना ती म्हैस वाटू लागते.

आता वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच येते. सहाराचा सुमारे पाव हिस्साच वाळूचा आहे. बाकी सारा खडकाळ माळ, खडीचे सपाट मैदान आणि कोरड्या नद्यांची पात्रे. तेथल्या लोकांनी प्रत्येकाला वेगळे नाव दिले आहे. वाळूचा तो एर्ग, दगडी पठार ती हमादा, खडीचे मैदान तो रेग, आणि कोरडी नदी तो वेद. पीठ मळायला घ्यावे इतक्या बारीक धुळीची एक जात आहे, तिला फेश-फेश म्हणतात. वरून ती जमीन टणक दिसते, पण चाक गेले की गुडघाभर आत. वाटाड्याचे अर्धे काम म्हणजे ही जमीन लांबून ओळखणे. रंगाच्या किंचित फरकावरून तो ते ओळखतो. आम्ही सहा दिवस त्याच्या मागे फिरलो, आणि सहाव्या दिवशीही आम्हाला तो रंग दिसला नाही.

वाळूची टेकडी कशी असते, हे शास्त्रशुद्ध रीतीने पहिल्यांदा सांगितले राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने. १९२०–३० च्या दशकांत इजिप्तमध्ये नोकरीला असताना हा गृहस्थ सुट्टीत फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरत असे. टायरमधली हवा कमी केली की चाक पसरते आणि वाळूवर तरंगते, ही युक्ती वापरून तो अशा टेकड्या चढला की ज्या मोटारीने चढणे अशक्य मानत. पुढे १९४१ साली त्याने वाळू कशी उडते आणि टेकड्या कशा बनतात यावर एक ग्रंथ लिहिला. तो आजही प्रमाण मानतात. वाऱ्याने वाळूचा कण उचलला जातो, थोडी उडी मारतो, पडतो आणि पडताना दुसऱ्याला उडवतो. अशा कोट्यवधी उड्यांनी टेकडी हळूहळू चालत असते. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू पसरट आणि दाबून बसलेली. पलीकडची बाजू मात्र तेहेतीस-चौतीस अंशांची ताठ उतरण, आणि तेथली वाळू भुसभुशीत.

हे गणित मोटारसायकलवाल्याला जिवाचे असते. अलीकडची चढण घट्ट असते, म्हणून स्वार रेस देत भरधाव वर येतो. माथ्यापलीकडे काय आहे ते त्याला दिसत नाही, आणि तसाच गेला तर तो दोन-तीन मजले खाली जातो. म्हणून पहिल्याच सकाळी वाटाड्याने आम्हाला एकच गोष्ट तासभर शिकवली. माथ्याच्या अलीकडे मूठ सोडायची, गाडी माथ्यावर आडवी करून थांबवायची, पलीकडे पाहायचे आणि मगच उतरायचे. टायरमधली हवा त्याने पंचवीस पौंडांवरून बारा-चौदावर आणली. फुटरेस्टवर उभे राहा, वजन मागे ठेवा, मूठ सोडू नका, पुढचा ब्रेक विसरा आणि चाकापुढे न पाहता लांब पाहा. हे सारे ऐकायला सोपे आहे. वाळूत पुढचे चाक डगमगू लागले की माणसाचा सहजस्वभाव मूठ सोडून ब्रेक दाबण्याचा. आणि तसे केले की चाक वाळूत रुतते व स्वार हँडलवरून पुढे जातो. आमचे डॉक्टर पहिल्या तासात चार वेळा गेले. भीती वाटली की वेग वाढवायचा, ही शिकवण पन्नाशीनंतर अंगी बाणवणे कठीण आहे.

भर दुपारी मात्र वाटाड्या टेकड्यांत जात नसे. आम्हाला वाटले, उन्हामुळे. कारण निराळे होते. सूर्य माथ्यावर आला की सावल्या नाहीशा होतात. चढ, खड्डा, कडा सारे एकाच पिवळ्या रंगाचे होते, आणि डोळ्यांना जमिनीचा आकारच कळत नाही.

येथे थोडे विषयांतर करायचा मोह आवरत नाही. एर्फूदच्या बाजूने जाताना माळावर वारुळांसारख्या मातीच्या ढिगांची एक ओळच्या ओळ दिसली. वाटाड्याने हात वर करून सर्वांना थांबवले आणि पायी चालत नेऊन दाखवले. प्रत्येक ढिगाच्या मध्ये एक खोल, उघडे भोक. जमिनीखालून डोंगराकडचे पाणी उताराने गावापर्यंत आणणारा बोगदा खाली आहे, आणि ही त्याची हवा व गाळ काढण्याची तोंडे. त्यांना खेत्तारा म्हणतात. आमच्यातले शिक्षक औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे. ते एकदम म्हणाले, “अरे, ही तर आमची नहर!” आणि ते खरेच आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकी शहराला ज्या भुयारी नहरीने पाणी आणले, तिची आणि या खेत्तारांची जात एकच. मोरोक्कोतल्या पुष्कळ खेत्तारा आज कोरड्या आहेत. विजेचे आणि डिझेलचे पंप आले, पाणी खोल गेले, आणि बोगदे वर लटकत राहिले. बोअरवेलवाल्या गावातून आलेल्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. पण मोटारसायकलवाल्याच्या दृष्टीने ती कोरडी तोंडे म्हणजे कठडा नसलेल्या विहिरीच. त्या माळावर वाटाड्याच्या चाकोरीबाहेर वीतभरही जायचे नाही, असा हुकूम झाला.

चाकोरीवरून आठवले. खडीच्या मैदानावर चाकाचा ठसा वर्षानुवर्षे राहतो. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या लष्करी गाड्यांच्या खुणा लिबियाच्या वाळवंटात आजही दिसतात. वाळूतला ठसा दुसऱ्या दिवशी वारा पुसतो, खडीवरचा कोणी पुसत नाही. म्हणून आमचा वाटाड्या जुन्या चाकोऱ्यांतूनच नेई, आणि आमच्यातल्या एकाने हौसेने मैदानावर गोल घिरट्या घातल्या तेव्हा पहिल्यांदा रागावला. तेथे थोडा पाऊस झाला की गवत उगवते, आणि शेळ्या त्यावर जगतात, एवढेच तो म्हणाला. त्याचा बाप उंट राखत असे. मर्झूगाकडचे भटके लोक आयत खब्बाश कुळातले. अल्जीरियाची सरहद्द १९९४ पासून बंद झाली आणि त्यांच्या चराईच्या जुन्या वाटा तुटल्या, त्यात अवर्षणे. ज्या मुलांनी उंटांमागे जायचे ती आता परदेशी पाहुण्यांच्या पुढे जातात. वाट ओळखण्याची विद्या तीच आहे, गिऱ्हाईक मात्र बदलले.

या विद्येचे सर्वांत जुने वर्णन आम्हाला माहीत आहे ते अशा माणसाचे की ज्याने आपला देवगिरीही पाहिला होता. इब्न बतूता १३४२ च्या सुमारास दिल्लीहून निघून दौलताबादवरून गेला. त्या किल्ल्याविषयी आणि नंदुरबारच्या मराठ्यांविषयी त्याने लिहून ठेवले आहे. दहा वर्षांनी, १३५२ च्या फेब्रुवारीत, हाच गृहस्थ सिजिल्मासा शहरातून व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर सहारात शिरला. सिजिल्मासाचे अवशेष रिसानी गावाशेजारी आहेत, आणि रिसानी ते मर्झूगा अंतर तासाभराचेही नाही. म्हणजे आमच्या चाकांखाली त्याच मुलुखाची माती होती.

त्याच्या हकिगतीत दोन गोष्टी आहेत. एक तक्शीफची. मस्सूफा जमातीचा हा एकटा माणूस तांडा सोडून पुढे वलाता गावाला जाई आणि तेथल्या लोकांना तांडा येत असल्याची पत्रे देई. मग ते लोक चार दिवसांच्या वाटेवर पाणी घेऊन सामोरे येत. तक्शीफ वाटेत मेला तर गावाला तांड्याची वार्ताच लागत नसे, आणि तांड्यातले बहुतेक लोक तहानेने मरत. त्या एका माणसाला इब्न बतूताच्या तांड्याने शंभर मिस्कल सोने दिले. आणि तांड्याच्या वाटाड्याचा एक डोळा गेलेला व दुसरा अधू होता, तरी वाट त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती! दुसरी गोष्ट छोटी आहे. तांड्यातल्या दोघा नातलगांचे भांडण झाले. त्यांतला एक रागाने मागे रेंगाळला, आणि तांडा मुक्कामाला पोचला तेव्हा तो नव्हता. शोधायला माणूस पाठवला, पण तो सापडला नाही. त्या दिवसापासून आपण तांड्याच्या ना पुढे गेलो ना मागे राहिलो, असे इब्न बतूता सांगतो.

ही गोष्ट आम्ही जाण्यापूर्वी वाचली होती. दुसऱ्या दिवशी रात्री टोळीला रंगवून सांगितलीही होती. वाचलेले आणि सांगितलेले ज्ञान किती उपयोगी पडते ते आता ऐका.

वाटेला फाटे असतात तेथे टोळी चुकू नये म्हणून एक साधी पद्धत आहे. वाटाड्याने ती आम्हाला सतरंजीवर खजुराच्या बिया मांडून समजावली. पहिली बी वाटाड्या, शेवटची बी मेकॅनिक. फाटा आला की वाटाड्याच्या लगोलग मागे असेल त्याने तेथे थांबायचे, लांबून दिसेल अशी गाडी उभी करायची, आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला हाताने वाट दाखवायची. सर्वांत शेवटचा मेकॅनिक येईपर्यंत जागा सोडायची नाही. तो आला की त्याच्या पुढे लागायचे. अशा रीतीने प्रत्येकाची पाळी येते, कोणाला घाई करावी लागत नाही, आणि मागचा कितीही मागे असला तरी त्याला वाट सापडते. कोणी विचारले, मेकॅनिक आलाच नाही तर? वाटाड्याने बोट जमिनीवर टेकवले. तेथेच. रात्र झाली तर? पुन्हा तेथेच बोट. आमच्या खिशात उपग्रहावरून जागा दाखवणारे यंत्र होते. ते स्वतःची जागा बिनचूक दाखवते, मागच्याची दाखवत नाही.

तिसऱ्या दिवशी ऊझीना सोडून आम्ही रमलियाकडे निघालो. तेथे नदीचे रुंद, कोरडे पात्र लागते. झुडपे, फेश-फेश, आणि प्रत्येक गाडीवाल्याने आपापल्या सोयीने पाडलेल्या दहा-वीस वाटा. पात्राच्या काठावर फाटा आला आणि पाळी आमची होती. आम्ही थांबलो. तिघेजण आले, त्यांना वाट दाखवली, ते गेले. मग कोणी येईना. पाच मिनिटे झाली, दहा झाली. पुढच्या गाड्यांचा आवाज विरत विरत गेला. अशा जागी शांतता किती मोठी असते ते सांगता येत नाही. स्वतःच्या हेल्मेटमध्ये स्वतःचा श्वास ऐकू येतो. वीस मिनिटांनी पात्राच्या पलीकडच्या अंगाला धुळीचा लोट उठलेला दिसला. आम्ही मनाशी म्हटले, हे तेच. मागची मंडळी दुसऱ्या वाटेने पुढे गेली, आणि आम्हीच येथे मूर्खासारखे उभे आहोत. खरे सांगायचे तर ती खात्री नव्हती. एकटे पडण्याची भीती होती, आणि तिने खात्रीचा वेष घेतला होता. आम्ही गाडी सुरू केली आणि निघून गेलो.

तो धुरळा कोणा परक्या जीपगाडीचा होता. मागे झाले होते असे की आमचे डॉक्टर पडून त्यांच्या गाडीचा क्लचचा खटका मोडला होता, आणि मेकॅनिक तो बदलत बसला होता. अण्णा त्यांच्याजवळ थांबले होते. “तुम्ही पुढे व्हा, फाट्यावर माणूस आहे,” असे सांगून मेकॅनिकने त्यांना पुढे लावून दिले. अण्णा फाट्यावर आले. माणूस नव्हता.

आम्ही टोळीला जाऊन मिळालो तेव्हा वाटाड्याने बोटांवर मोजले आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, येताहेत मागून. तो काही बोलला नाही. अर्ध्या तासाने मेकॅनिक आणि डॉक्टर आले. डॉक्टरांनी चष्मा काढून विचारले, “अण्णा कुठायत?”

वाटाड्याने सर्व गाड्या बंद करायला लावल्या आणि कान देऊन ऐकले. काही नाही. फोनला तेथे पोच नव्हती. आम्ही शोधायला निघू लागलो तेव्हा त्याने आमच्या गाडीची किल्ली काढून घेतली आणि सर्वांना एका बाभळीच्या जातीच्या झाडाखाली बसवले. एक हरवला आहे, पाच हरवायचे नाहीत. मग तो ठशांमागे गेला नाही, कारण त्या पात्रात ठसे हजार होते. तो दूरवर दिसणाऱ्या शेळीच्या केसांच्या एका काळ्या तंबूकडे गेला. कच्छच्या रणात १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत आपल्या सैन्याला वाट दाखवणाऱ्या रणछोडदास पगींची आठवण आम्हाला झाली. पावलांवरून माणूस ओळखणारी ही विद्या आपल्याकडेही होती. पण त्या दिवशी वाटाड्याने पावले वाचली नाहीत. त्याने माणसांना विचारले. कोठे कोण शेळ्या चारतो आहे, कोणी इंजिनाचा आवाज कोणत्या दिशेला ऐकला, हे तंबूतल्या बाईला ठाऊक होते. आवाज दक्षिणेला गेला होता, म्हणजे सरहद्दीकडे. तो त्या बाजूला निघून गेला.

आम्ही झाडाखाली बसलो होतो. कोणी आम्हाला एक शब्द बोलले नाही. डॉक्टर मधूनमधून घड्याळ पाहत आणि अण्णांच्या पाठीवरच्या पिशवीत पाणी किती असेल याचा अंदाज मोठ्याने करीत. सकाळी तीन लिटर भरले होते. निम्मे तरी संपले असेल. नोव्हेंबर होता म्हणून बरे, असे ते दोनदा म्हणाले. अण्णांच्या घरी वहिनींना काय सांगायचे, याचा विचार आम्ही त्या दोन तासांत जेवढा केला तेवढा दुसऱ्या कशाचाही केला नाही.

दोन तासांनी दोन इंजिनांचा आवाज आला.

अण्णांनी जे केले ते सारे बरोबर केले. सात-आठ किलोमीटर गेल्यावर आपल्यापुढे ताजा टायरचा ठसा नाही हे त्यांच्या लक्षात आले. हिशेब जुळत नाही म्हटल्यावर ते थांबले, आणखी पुढे गेले नाहीत, परतही फिरले नाहीत. थांबताना गाडी आडवी झाली. तीनदा उचलायचा प्रयत्न केला, दम लागला, मग तो नाद सोडून ते तिच्याच सावलीत बसले. लाल जाकीट एका झुडपावर पसरले. थोड्या वेळाने कोठून कोण जाणे, शेळ्या घेऊन एक दहा-बारा वर्षांचा मुलगा आला आणि काही न बोलता पाच हातांवर बसून राहिला. भाषा एकमेकांची येत नव्हती. अण्णांच्या खिशात दिवाळीची शंकरपाळी होती, ती त्यांनी पुढे केली. मुलाने एक खाल्ले, बाकीची अंगरख्यात बांधली. वाटाड्याच्या गाडीचा आवाज आला तेव्हा तो उठला, एका उंचवट्यावर चढून त्याने हात हलवला आणि शेळ्यांमागे चालू लागला. तो अण्णांची सोबत करायलाच बसला होता, हे अण्णांना तो गेल्यावर कळले.

वाटाड्याने आम्हाला शिवी दिली असती तर बरे वाटले असते. त्याने किल्ली परत दिली आणि खुणेने मागे फिरायला सांगितले. सगळी टोळी उलट त्या फाट्यावर गेली. तेथे त्याने आमची गाडी आम्ही मघाशी जेथे उभी केली होती तेथेच उभी करवली आणि आम्हाला तिच्याशेजारी उभे केले. मग तो बाकीच्यांना घेऊन पाचशे पावले मागे गेला, वळला, आणि एकेकाला आमच्या समोरून जाऊ दिले. आम्ही प्रत्येकाला हाताने वाट दाखवली. शिक्षक गेले, कारखानदार गेले, पाचवा गेला, डॉक्टर गेले. अण्णा आले तेव्हा आम्हाला मान वर करवेना. अण्णांनी गाडी हळू केली, कोणती वाट म्हणून खरोखरच विचारावे तसे आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही हात केला त्या बाजूला गेले. शेवटी मेकॅनिक आला. त्यानंतर आम्ही निघालो.

त्या रात्री रमलियाच्या मुक्कामावर चहा झाला. पुदिन्याचा, भरपूर साखरेचा, उंचावरून पेल्यात सोडलेला. वाटाड्याने पहिला पेला अण्णांना दिला आणि दुसरा आम्हाला. त्याविषयी पुन्हा कोणी बोलले नाही. आज येथे आम्ही बोलतो आहोत तेवढेच.

पुढचा मार्ग झगोरा, म्हामिद आणि इरिकीच्या कोरड्या सरोवराकडे होता. या सरोवराचे पात्र वरच्या अंगाला द्रा नदीवर धरण झाल्यावर जवळजवळ पन्नास वर्षे कोरडे राहिले, आणि आम्ही तेथून येऊन दोन वर्षे होतात तो २०२४ च्या सप्टेंबरातल्या पावसाने ते पुन्हा भरले. आम्ही ज्या सपाट मातीवरून चाके फिरवली तेथे पाणी उभे राहिल्याची छायाचित्रे पाहून आम्ही थक्क झालो. पण तो प्रदेश निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि घंटा वाजण्याची वेळ झाली आहे.

चौथ्या दिवशी सकाळची गोष्ट सांगून बसतो. निघण्यापूर्वी गाड्या ओळीने लावायच्या असतात. आम्ही मुद्दाम सर्वांत मागे, मेकॅनिकच्या पुढे, जाऊन उभे राहिलो; वाटले, आता आपल्याला फाट्यावर कोणी ठेवू नये. वाटाड्याने मान हलवली आणि बोटाने आपल्या मागची जागा दाखवली. आम्ही तेथे गेलो. मागे गाडीचा आवाज झाला म्हणून वळून पाहिले, तर अण्णा आपली गाडी ढकलत आणून आमच्या चाकामागे लावत होते. आम्ही म्हणालो, “अण्णा, तुम्ही मधे राहा ना.” अण्णांनी हेल्मेटचा पट्टा लावला आणि म्हणाले, “नको. मी इथंच बरा. चला.”